डोपामीन किती ते नंतर, आधी कुठे ते सांगा

नाशिकला पंचवटीत माझं मेडिकल आहे. मागच्या महिन्यात संध्याकाळच्या गर्दीत इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा काउंटरवर आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "काका, डोपामीन वाढवायची गोळी असते का हो?" कशाला, विचारलं. अभ्यासात मन लागत नाही, आणि मोबाइलमुळे डोपामीन संपतं असं त्यानं रीलमध्ये बघितलेलं. बरं, आणखी काय करतोस? तर म्हणे, "दर रविवारी डोपामीन डिटॉक्स करतो." म्हणजे सहा दिवस डोपामीन कमी पडतं म्हणून रडायचं आणि सातव्या दिवशी तेच काढून टाकायला उपास धरायचा! हे त्याला सांगितलं तेव्हा तोही हसला.

त्याच्यामागे उभ्या असलेल्या बाईंनी सासऱ्यांची चिठ्ठी पुढे केली. पार्किन्सनची, म्हणजे हात थरथरण्याच्या आजाराची गोळी, मेंदूत डोपामीन वाढवणारी. त्यांच्या मागचे गृहस्थ दर महिन्याला मुलाचं स्किझोफ्रेनियाचं औषध नेतात. ते डोपामीनला अडवणारं. दोन्ही औषधं माझ्याकडे एकाच कपाटात, वीतभर अंतरावर असतात. एक वाढवतं, एक अडवतं, आणि दोन्ही घरांत त्या औषधाने बरं वाटतं. हे कसं, ते त्या मुलाला गर्दीत सांगायला जमलं नाही. इथे सांगतो.

## आधी ही वस्तू काय आहे

मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये अगदी बारीक फट असते. निरोप पुढे द्यायचा असला की एक पेशी त्या फटीत रसायन सोडते आणि पलीकडची पेशी ते पकडते. निरोप नेणाऱ्या अशा बऱ्याच रसायनांपैकी एक म्हणजे डोपामीन. ते पकडण्यासाठी पलीकडच्या पेशीवर जी जागा असते तिला रिसेप्टर म्हणतात. आपण कुलूप म्हणू, डोपामीन ही त्याची किल्ली. औषधांचा सगळा खेळ या कुलपापाशी चालतो. काही औषधं किल्ल्या वाढवतात, काही बनावट किल्ली पुरवतात, काही कुलपात काडी घालून ठेवतात.

एवढ्या कोटींच्या गर्दीत डोपामीन बनवणाऱ्या पेशी मात्र जेमतेम काही लाख. त्यातल्या बहुतेक मेंदूच्या बुडाशी, मधल्या भागात असतात. त्यांचा एक पुंजका चक्क काळसर दिसतो, म्हणून त्याचं लॅटिन नाव सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे काळा पदार्थ. आपण काळा पट्टा म्हणू. कच्चा माल डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांतून येतो. त्यापासून आधी लेव्होडोपा बनतं आणि लेव्होडोपापासून डोपामीन. या कारखान्याला लोहही लागतं. त्याचं काम पुढे पडेल.

एक गोंधळ इथेच मिटवू. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना "डोपामीन चालू केलंय" असं सांगतात, ते रसायन हेच. पण तिथे ते शिरेतून देतात ते रक्तदाब टिकवायला. रक्तातलं डोपामीन मेंदूत शिरत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर कडक पहारा असतो आणि डोपामीनला तिथे पास मिळत नाही. केळ्यात डोपामीन असतं हे खरं आहे. म्हणून डझनभर केळी खाल्ली तर मन लागणार नाही, पोट बिघडेल.

## एक धरण, चार पाट

गंगापूर धरण किती टक्के भरलं, हा पावसाळ्यात आपल्याकडे चहाच्या टपरीवरचा विषय. पण टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला टक्क्यांशी देणंघेणं नसतं. तो विचारतो, आवर्तन सुटलं का, आणि माझ्या चारीला पाणी येणार का? धरण भरलेलं असताना टेलचं शेत कोरडं राहू शकतं, आणि त्याच दिवशी वरच्या अंगाला फुटलेल्या चारीने कुणाचं तरी शेत तुंबलेलं असू शकतं.

डोपामीनचे मुख्य पाट चार. पहिला काळ्या पट्ट्यापासून हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या भागाकडे जातो. दुसरा जातो ओढीच्या भागाकडे: काहीतरी हवंसं वाटणं, आणि समोरच्या गोष्टीवर "हे महत्त्वाचं" असा शिक्का मारणं. तिसरा कपाळामागच्या भागाकडे, जिथे लक्ष देणं, बेत आखणं, पुढाकार घेणं चालतं. चौथा अगदी आखूड, मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडे. तिथे डोपामीन ब्रेकचं काम करतं, अंगावर दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दाबून ठेवतं.

उपमा ताणली की तुटते, तेव्हा एवढं सांगून ठेवतो की मेंदूत धरण एक नसतं. पाटांचे उगम बरेचसे वेगवेगळ्या पेशींत असतात. म्हणून एक पाट आटला तरी दुसरा खळाळत राहू शकतो. "तुमचं डोपामीन कमी आहे" हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कुठे कमी आहे?

## पहिला पाट आटला की

पार्किन्सनमध्ये काळ्या पट्ट्यातल्या पेशी हळूहळू मरतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन छापलं. आयुर्वेदात त्याला कंपवात म्हणतात. कारण कळायला मात्र आणखी १४० वर्षं लागली, आणि त्या शोधाची एक मुळी, अगदी शब्दशः, आपल्याकडची आहे.

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे पूर्वापार वेडावर आणि झोपेसाठी देत. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्यावर लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा त्याचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचे डोळे या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रिसर्पिन हे द्रव्य वेगळं केलं गेलं. रिसर्पिन मेंदूतला डोपामीनचा साठा रिकामा करतं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे कान पाडून, दगडासारखे बसून राहिले. मग त्यांनी लेव्होडोपा टोचलं आणि थोड्याच वेळात तेच ससे हिंडायला लागले. तोवर डोपामीन म्हणजे दुसऱ्या एका रसायनाचा नुसता कच्चा माल, असाच समज होता. या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सनने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, तर हालचालीच्या भागात डोपामीन जवळपास आटलेलं. साठच्या दशकातच लेव्होडोपा माणसांना द्यायला सुरुवात झाली. आजही तेच मुख्य औषध आहे.

डोपामीनच का देत नाहीत? तोच पहारा. डोपामीनला पास नाही, लेव्होडोपाला आहे. ते आत जातं आणि तिथे त्याचं डोपामीन होतं. वाटेतच, बाहेरच्या बाहेर त्याचं डोपामीन होऊन मळमळ होऊ नये म्हणून गोळीत सोबत कार्बिडोपा घातलेलं असतं. प्रथिनांचे तुकडेही त्याच दारातून आत जातात, म्हणून भरपेट वरणभातावर गोळी घेतली की दाराशी रेटारेटी होते आणि गोळी लागू पडत नाही. "जेवणाआधी अर्धा तास" असं पाकिटावर मी पेनाने ठळक लिहितो. तरी लोक सवयीने जेवणानंतर घेतात आणि औषधाला नावं ठेवतात.

हाताचा कंप दिसू लागतो तोवर काळ्या पट्ट्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात असं मानतात. त्याआधी वर्षानुवर्षं बारीकसारीक खुणा असू शकतात: वास कमी येणं, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणं, चालताना एकच हात न हलणं, अक्षर बारीक होत जाणं. यातली एखादी खूण म्हणजे पार्किन्सन नव्हे, नाहीतर निम्म्या नाशिकला होईल.

पेशी मरतात कशाने? बहुतेकांत एकच कारण सापडत नाही. वय, थोडी आनुवंशिकता, थोडा परिसर. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचं नकली हेरॉइन टोचून घेतलेली काही तरुण माणसं थोड्या दिवसांत लाकडासारखी ताठली. भेसळीतल्या एमपीटीपी या विषाने त्यांचा काळा पट्टा जाळून टाकला होता. पॅराक्वाट या तणनाशकाची घडण त्या विषाच्या शरीरात बनणाऱ्या रूपाशी मिळतीजुळती आहे, आणि कीटकनाशकं-तणनाशकं वर्षानुवर्षं हाताळणाऱ्यांत पार्किन्सन जास्त दिसतो असं अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळलंय. फवारणारा प्रत्येक जण आजारी पडतो असं अजिबात नाही. पण निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातून येणारी गिऱ्हाइकं तोंडाला रुमाल गुंडाळून फवारतात, तेव्हा मला ते आठवतं.

## दुसऱ्या पाटाला पूर आला की

आता कपाटातलं दुसरं औषध. स्किझोफ्रेनियात ऐकू येणारे आवाज, पक्का बसलेला संशय, यामागे ओढीच्या आणि शिक्का मारण्याच्या कामात डोपामीन जास्त सुटतं असं दिसतं. शिक्का मारणारा कारकून सैरभैर झालाय असं समजा. शेजाऱ्याने स्कूटरचा हॉर्न वाजवला: महत्त्वाचं. बातम्या देणारी बाई पाणी प्यायली: महत्त्वाचं. बसचा नंबर: महत्त्वाचा. इतक्या शिक्क्यांना काहीतरी अर्थ हवा, म्हणून मन गोष्ट रचतं, "हे सगळे माझ्याविरुद्ध एक झालेत." बाहेरून आपल्याला ते वेडाचार दिसतं. आतून पाहिलं तर तो पुराव्यांच्या ढिगावर बसलेला असतो.

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आलं आणि वर्षानुवर्षं कोंडलेली माणसं बोलायला लागली. ते डोपामीनच्या कुलपात काडी घालतं, हे पुढे कळलं. त्यानंतर आलेल्या बहुतेक औषधांचं मर्म तेच.

पण याच आजारात माणूस कधीकधी गप्प, निरुत्साही होतो, आंघोळही करावीशी वाटत नाही. घरचे "आळशी झालाय" म्हणतात. तिथे कपाळामागच्या पाटात डोपामीन अपुरं पडत असावं असा अंदाज आहे. म्हणजे एकाच मेंदूत, एकाच वेळी, एका शेतात पूर आणि दुसऱ्यात दुष्काळ. कारण फक्त डोपामीन आहे असंही नाही, इतर रसायनं आणि परिस्थितीही असते. पण नुसत्या काडीने हा निरुत्साह का हटत नाही, ते यावरून थोडं उमगतं.

## गॅसच्या गोळीने हात कसा थरथरेल?

हा मुद्दा माझ्या घरात घडला, म्हणून सविस्तर सांगतो.

माझी मावशी सिडकोत राहते, वय ७१. बायकांच्या भिशीचा हिशेब वीस वर्षं तिच्याकडे. चार वर्षांपूर्वी दिवाळीत ती चहा ओतत होती आणि कपबशी किणकिणायला लागली. दोन्ही हात थरथरत होते. चालणं पाय घासत, चेहऱ्यावर हसू येईना. सगळे म्हणाले, वय झालं. मीही मनात पार्किन्सनच धरून बसलो होतो.

मेंदूच्या डॉक्टरांनी तिला बोटं उघडझाप करायला लावली, चालवून बघितलं, वास येतो का विचारलं. वास छान येत होता. मग म्हणाले, "आजी, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणलीय ना? उलटी करा इथे." पिशवीत बीपीची, थायरॉइडची, आणि गॅसची कॅप्सूल. डॉक्टरांनी नेमकी तीच उचलली. आम्लपित्ताच्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड. पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली. "बरं वाटतं ग" म्हणून मावशी आठ महिने घेत होती.

लेव्होसल्पिराइड हे डोपामीनच्या कुलपात काडी घालणारं औषध आहे. पोटाची हालचाल वाढावी म्हणून देतात, पण ते मेंदूतही पोहोचतं आणि हालचालीच्या पाटावर बसतं. पाट भरलेला असतो, कुलपंच बंद. बाहेरून दिसतं ते हुबेहूब पार्किन्सनसारखं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही हे करू शकतं. चक्कर आणि अर्धशिशीसाठी महिनोन्महिने घेतली जाणारी सिनारिझिन, फ्लुनारिझिन यांच्यामुळेही असं होऊ शकतं. उतारवयात धोका जास्त. पार्किन्सन बहुधा एका बाजूने सुरू होतो, औषधाचा त्रास बऱ्याचदा दोन्ही बाजूंना एकदम येतो. पण ही खूणही दरवेळी खरी ठरत नाही, म्हणून पिशवी डॉक्टरसमोरच उलटी करावी.

आणि ती कॅप्सूल जात होती माझ्याच दुकानातून. मावशीने फोन करायचा, "अरे, ती गॅसची दे पाठवून," आणि मी पोराच्या हाती द्यायचो. आठ महिने. जुनी चिठ्ठी एकदाही मागितली नाही. तेव्हापासून हे घटक असलेली पट्टी कुणी "नेहमीची द्या" म्हणून मागितली की मी विचारतो, किती दिवस चाललंय? काही जण चिडतात, पलीकडच्या दुकानात जातात.

डोम्पेरिडोन वेगळं का, असं एकदा एका बाईंनी विचारलं होतं. ते मेंदूच्या पहाऱ्यापाशी बरंचसं अडतं, म्हणून हात थरथरणं विरळ. पण पिट्युटरी त्या पहाऱ्याच्या बाहेर असते. तिथला ब्रेक सुटतो, प्रोलॅक्टिन वाढतं, पाळी चुकते, मूल नसताना छातीतून दूध येतं. बाई घाबरून गाठीच्या तपासण्या करत फिरतात. गाठ नाही ना हे पाहावंच लागतं, पण त्याच वेळी चालू गोळ्यांची यादीही दाखवावी.

उलट दिशेनेही हेच. पार्किन्सनसाठी डोपामीन वाढवलं की काहींना भास होतात. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या बनावट किल्ल्या ओढीच्या पाटातही फिरतात, आणि आयुष्यात पत्त्याला हात न लावलेले आजोबा रमीत पेन्शन घालवतात. घरात लाजेने कुणी बोलत नाही. डॉक्टरला सांगितलं तर डोस बदलता येतो.

मात्र यातलं कुठलंही औषध, मग ते पार्किन्सनचं असो की स्किझोफ्रेनियाचं, हा लेख वाचून आपल्या मनाने बंद करू नका. अचानक बंद केल्याने जिवावर बेतू शकतं.

## मग मोबाइल आणि तंबाखूचं काय?

डोपामीनला "आनंदाचं रसायन" म्हणतात ते मला पटत नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूच्या अभ्यासकाने माकडांना फळाचा रस देऊन डोपामीनच्या पेशींचं बोलणं ऐकलं. रस अचानक मिळाला की पेशी जोरात बोलत. दिवा लागला की रस येतो हे माकड शिकलं, मग पेशी दिव्यालाच बोलायला लागल्या, रसाला गप्प. दिवा लागून रस आला नाही, तर पेशी नेहमीपेक्षाही शांत.

लासलगावला कांदा घेऊन गेलेल्याला हे समजावायला माकड लागत नाही. पंधराशेची आशा धरून गेला आणि दोन हजार मिळाले तर पठ्ठ्या मिसळ खाऊन घरी येतो. अडीच हजारांची आशा होती आणि तेच दोन हजार मिळाले, तर वाटेत कुणाशी बोलत नाही. भाव तोच. डोपामीन मोजतं ते अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर.

पुढची रील चांगली निघेल की रटाळ, हे ठाऊक नसतं, म्हणूनच अंगठा थांबत नाही. व्यसनात आणखी एक गंमत होते. हवंसं वाटणं आणि आवडणं यांची फारकत होते. तंबाखूवाले माझ्याकडे येऊन सांगतात, "आता चवही लागत नाही हो, पण हात जातोच." हात जातो तो डोपामीनमुळे. निकोटिन आणि दारू ओढीच्या पाटात थेट पाणी सोडतात. मोबाइल तेवढं करत नाही, त्यामुळे रील म्हणजे कोकेन वगैरे बोलणं अतिशयोक्तीचं आहे.

डिटॉक्सने डोपामीन बाहेर जात नाही, आणि जायलाही नको. ते गेलं तर कार्लसनच्या सशासारखे बसून राहाल. रविवारी फोन कपाटात ठेवून गोदाकाठी फेरी मारणं चांगलंच आहे, सवयीची कडी सैल होते. फक्त नाव चुकलंय.

## आणखी काही आजार

लक्ष न टिकण्याच्या एडीएचडी या त्रासात कपाळामागचा पाट गुंतलेला असतो. त्यावरचं मिथाइलफेनिडेट हे औषध डोपामीन आणि निरोप नेणारं दुसरं एक रसायन, नॉरअॅड्रेनलिन, दोन्ही वाढवतं. ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही, मिळूही नये. नैराश्यात कशातच गोडी न वाटण्यामागे डोपामीनचा वाटा असू शकतो, पण नैराश्य एका रसायनात बसवता येत नाही. रात्री अंथरुणावर पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, या त्रासात बऱ्याचदा लोहाची कमतरता सापडते. कारखान्याला लोह लागतं म्हटलं होतं, ते इथे. अशा माणसाला झोपेच्या गोळीआधी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, बघायला सांगावं.

## टेस्ट करून घेऊ? चूर्ण घेऊ?

रक्तातल्या डोपामीनवरून मेंदूतलं कळत नाही, कारण तोच पहारा. पार्किन्सनची शंका असते तेव्हा क्वचित खास स्कॅन करतात, पण निदान मुख्यतः डॉक्टरच्या डोळ्यांनी होतं. मावशीला ओळखलं ते बोटांची उघडझाप आणि गोळ्यांची पिशवी पाहून.

खाजकुइलीबद्दल दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरात दिसणारी, शेंगेची कुसं अंगाला लागली की खाजवून जीव काढणारी तीच वेल. तिच्या बियांत खरोखर लेव्होडोपा असतं, आणि भारतीय शास्त्रज्ञांनी ते १९३७ मध्येच वेगळं केलं होतं. म्हणूनच ते जपून. चमचाभर चूर्णात किती औषध आलं ते पुडी सांगत नाही, आणि आधीच लेव्होडोपा चालू असेल तर दोन्हींची बेरीज होते. पार्किन्सन नसलेल्याने "मन लागावं" म्हणून ते घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

मावशीची कॅप्सूल डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद केली. सांगितलं, उतरायला आठवडे लागतील, महिनेही, आणि काहींचं पूर्ण जात नाही. गुढीपाडव्याला गेलो तेव्हा तिने भिशीची वही पुढ्यात टाकली, "बघ रे, बेरीज बरोबर आहे का." मी पानं मागून चाळत गेलो. आदल्या चैत्रातलं अक्षर ज्वारीच्या दाण्याएवढं. श्रावणात मोहरी. दिवाळीच्या पानावर खसखस, नावंही वाचता येईनात. नंतर दोन महिन्यांची पानं सुनेच्या अक्षरात. आणि फेब्रुवारीपासून पुन्हा तिचं, जरा वाकडं, ओळ सोडून वर जाणारं, पण मोहरीपेक्षा मोठं. बेरजेत वीस रुपयांची चूक होती. ती तिने माझ्या हातून वही काढून घेऊन स्वतःच दुरुस्त केली.